मूठ वळेना : दुखण्यापासून निदानापर्यंतचे अकरा आठवडे

१२ ऑगस्ट २०२४, सोमवार. सकाळी चहाचं पातेलं उतरवायला सांडशी हातात घेतली, तर ती दाबलीच जाईना. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट मुळाशी जड झालं होतं, रात्रभर कुणी चिंधी आवळून बांधावी तसं. कळ अशी फार नव्हती. आठ वाजेपर्यंत बोटं मोकळी झाली आणि मी ते विसरले.

ही तारीख मला नंतर भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटत शोधून काढावी लागली, कारण पुढे भेटलेल्या प्रत्येक डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच होता, "नक्की कधीपासून?" "झाले असतील दोन-तीन महिने" या उत्तराने त्यांचं भागत नाही. साध्या विषाणूतापानंतरची सांधेदुखी बहुधा सहा आठवड्यांत ओसरते. सूज त्यापलीकडे टिकली की विचार वेगळ्या दिशेने करावा लागतो. म्हणून हात-मनगटाचं दुखणं सुरू झालं की त्याच दिवशी कॅलेंडरवर एक खूण करा. दुखणं आपोआप गेलं तर खुणेने काही बिघडत नाही.

पहिले दोन आठवडे घरचे उपाय केले. बाम, कोमट तिळाचं तेल, मिठाच्या पुरचुंडीचा शेक. "वात आहे, दही बंद कर," असं घरी-दारी सगळ्यांनी सांगितलं. त्या पावसाळ्यात पुण्याकडे चिकनगुनिया जोरात होता आणि आमच्या साताऱ्याकडच्या गावातही तापाचे रुग्ण होते, त्यामुळे "चिकनगुनिया अंगावर काढला असणार" हेही कानावर आलं. पण चिकनगुनियात ताप अचानक आणि चांगलाच चढतो, सांधे पहिल्या दिवसापासून धरतात. मला तापाची कणकणसुद्धा आली नव्हती. हा फरक मी तेव्हा कुणाला ठामपणे सांगितला नाही.

ऑगस्ट संपता संपता डावा हातही तसाच वागू लागला, त्याच जागी, बोटांच्या मुळाशी. दोन्ही मनगटं सुजली. काचेच्या बांगड्या चढेनात, म्हणून ज्या होत्या त्या साबण लावून काढल्या. अंगठीही तेव्हाच काढली, हे बरं झालं. बोट सुजल्यावर अंगठी रुतते. मग साबण आणि दोरा गुंडाळूनही निघाली नाही आणि बोट निळसर किंवा बधिर झालं, तर घरी खटपट न करता लगेच दवाखान्यात जाऊन ती कापून घ्यावी लागते.

३१ ऑगस्टला शनिवारी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. फी १५० रुपये. त्यांनी युरिक अॅसिड तपासायला सांगितलं (२०० रुपये, रिपोर्ट नॉर्मल) आणि पाच दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या, सोबत पित्ताची गोळी. गोळी घेतली की चार-पाच तास बरं, पाचव्या दिवशी गोळ्या संपल्या की पहिल्यासारखं.

७ सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. उकड छान झाली होती, सारणही. पारी हातावर घेतली आणि पाकळ्या पाडायला अंगठा-तर्जनीची चिमटी केली, तर चिमटीत जोरच नव्हता. उकड नुसती दबत होती, कळी उभी राहत नव्हती. तीन पाऱ्या मोडल्यावर जाऊबाईंनी ताट ओढून घेतलं. "वहिनी, हे वाताचं नाही. तुमच्या बोटांच्या गाठी दिसेनाशा झाल्यात," त्या म्हणाल्या. मी मूठ आवळून पाहिली. निरोगी हाताच्या मुठीवर चार उंचवटे दिसतात आणि त्यांच्यामध्ये खळगे असतात. माझे खळगे भरून आले होते, वरचा भाग सपाट दिसत होता. दाबलं की हाड लागत नव्हतं, ओल्या कणकेसारखं मऊ लागत होतं. ही मऊ सूज सांध्याच्या आतल्या अस्तराची असते. वयोमानाने सांधा झिजला की लागते ती गाठ कडक, हाडासारखी असते. हा फरक कुणालाही स्वतःच्या बोटाने दाबून कळू शकतो, आणि मला तो चार आठवडे माहीतच नव्हता.

१४ सप्टेंबरला, सणाची आवराआवर झाल्यावर, ओळखीतून एका दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथे कमरेत एक इंजेक्शन आणि पांढऱ्या बारीक गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मूठ पूर्ण वळली. दहा दिवस मी बरी झाले असंच समजत होते. ते स्टेरॉइड होतं, हे नंतर कागद पाहून कळलं. स्टेरॉइड वाईट औषध नाही, पुढे मलाच ते ठरवून, थोड्या मात्रेत दिलं गेलं. पण निदान होण्याआधी घेतलं की सूज झाकली जाते आणि नेमकं तपासणीच्या दिवशी हातात काही दिसत नाही. माझ्या बाबतीत तेच झालं. शिवाय काही दिवस घेतल्यावर ते मनाने एकदम थांबवायचं नसतं. म्हणून कुठलंही इंजेक्शन घेण्याआधी "हे कसलं आहे?" असं विचारा आणि नाव कागदावर लिहून घ्या. बिननावाच्या पुड्यांबाबत तर फारच सांभाळा. "दोन दिवसांत सांधे मोकळे" करणाऱ्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

या दहा दिवसांत एक गोष्ट मात्र उपयोगाची झाली. मी वहीत नोंद ठेवायला सुरुवात केली. उठल्याची वेळ, मूठ पूर्ण वळल्याची वेळ, कुठले सांधे सुजले, कुठली गोळी घेतली. सकाळी उठल्याबरोबर दोन्ही हात ओट्यावर पालथे ठेवून मोबाइलने फोटो. औषधाचा असर उतरल्यावर, २५ सप्टेंबरची नोंद अशी आहे: "उठले ५.५०, मूठ वळली ७.३५." म्हणजे एक तास पंचेचाळीस मिनिटं. 'सकाळी जरा आखडतं' असं तोंडी सांगणं वेगळं आणि हा आकडा दाखवणं वेगळं. झिजेच्या दुखण्यात सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो आणि काम वाढेल तसं संध्याकाळी दुखतं. आतून सुजणाऱ्या सांध्यांचं उलटं असतं, विश्रांतीनंतर जास्त आणि हालचालीने कमी.

एक्स-रे तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात काढला. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३पासून तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत, त्यामुळे केस पेपर आणि एक्स-रे दोन्हीला पैसे पडले नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं वेगळ्या खात्याकडे येतात, तिथे ठरलेलं शुल्क असतं. सकाळी नऊला केस पेपरच्या रांगेत उभी राहिले, साडेबाराला फिल्म हातात आली. आधार कार्ड जवळ ठेवा, बांगड्या-अंगठ्या घरीच काढून जा, आणि दोन्ही हातांचा एकत्र एक्स-रे मागा, एकाच हाताचा नको. दोन्ही बाजू शेजारी ठेवून पाहता येतात.

ती फिल्म घेऊन २४ सप्टेंबरला हाडांच्या डॉक्टरांकडे गेले. इंजेक्शनचा असर तेव्हा अजून थोडा होता. फी ५००, रक्ततपासण्या ११००. एक्स-रे नॉर्मल. आरए फॅक्टर (आमवाताचा, म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिसचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ११, म्हणजे मर्यादेच्या आत. अंगातली सूज दाखवणारे ईएसआर ५८ आणि सीआरपी २४, दोन्ही बरेच वाढलेले. मला सांगण्यात आलं, "आरए निगेटिव्ह आहे, संधिवात नाही. कॅल्शियम घ्या, कपडे धुणं कमी करा." मी सुटकेचा श्वास सोडून घरी आले. दोन दिवसांत हात पुन्हा सुजून सपाट झाले.

इथे मला थोडं थांबून लिहायचं आहे, कारण याच वळणावर अनेकांचे महिने जातात. आरए फॅक्टर ही होकार-नकार ठरवणारी चाचणी नाही. आमवात असलेल्या बऱ्याच जणांमध्ये, विशेषतः सुरुवातीला, ती निगेटिव्ह येते. उलट निरोगी वयस्कर माणसात किंवा यकृताच्या काही आजारांत पॉझिटिव्हही येऊ शकते. एक्स-रेचंही तसंच. हाडावर खळगे पडायला महिने लागतात. पहिल्या काही आठवड्यांत फिल्म स्वच्छ असणं ही चांगली गोष्ट आहे, पण तिचा अर्थ 'अजून नुकसान झालेलं नाही' एवढाच. आजार नाही असा तो दाखला नव्हे. उपचार करून सगळ्यात जास्त मिळवायचं असतं ते याच पहिल्या काही महिन्यांत. सांध्याची मऊ सूज, अर्ध्या तासाहून लांबणारा सकाळचा ताठरपणा आणि बोटांची मुळं किंवा तळपायाचा पुढचा भाग आडवा दाबल्यावर येणारी कळ, यांतलं काही असेल तर रिपोर्ट कसाही असो, संधिवाततज्ज्ञांना, म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना, दाखवायचं. हाडांचे डॉक्टर मोडलेलं जोडतात, झिजलेलं बदलतात. हा आजार मात्र शरीराच्या प्रतिकारशक्तीचा आहे आणि त्याचे तज्ज्ञ वेगळे असतात.

हे मला सांगितलं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी. २८ सप्टेंबरला वही आणि फोटो दाखवले. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला, माझी बोटं मुळाशी आडवी दाबली आणि मी हात मागे घेतला. "रिपोर्ट चांगला असेल ताई, हात चांगले नाहीत," ते म्हणाले. चिकनगुनियाची शंका काढून टाकायला आयजीएम चाचणी केली, ९०० रुपये. ती निगेटिव्ह आली. ही चाचणी आजार झाल्यावर सहसा दोन-तीन महिने पॉझिटिव्ह राहते, त्यामुळे सातव्या आठवड्यातला नकार उपयोगी होता. त्यांनी पुण्याच्या तज्ज्ञांसाठी चिठ्ठी लिहून दिली आणि तिच्यात 'सात आठवडे, दोन्ही मनगटं व बोटांची मुळं, ताठरपणा शंभर मिनिटांच्या वर' हे शब्द मुद्दाम घातले.

३० सप्टेंबरला फोन केला. मिळालेली तारीख २५ ऑक्टोबर. चिठ्ठीतलं वाक्य फोनवर वाचून दाखवलं आणि "कुणी रद्द केलं तर कळवाल का?" असं विचारलं. त्यांनी नाव यादीत घेतलं, पण फोन आला नाही. तरी विचारत राहावं. ज्यांना खासगी फी झेपत नाही त्यांनी जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मेडिसिन ओपीडीला जाऊन "सांध्यांची वेगळी ओपीडी कोणत्या वारी असते?" हे आधी विचारावं. असे विभाग आठवड्यातून ठरावीक दिवशीच चालतात आणि चुकीच्या वारी गेलं की अख्खी खेप वाया जाते.

महिनाभर थांबायचं म्हणून डॉक्टरांनी कधी थांबायचं नाही हेही सांगून ठेवलं, आणि ते वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. एकच सांधा अचानक लाल, गरम, टम्म फुगला आणि सोबत ताप-थंडी असेल तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं. सांध्यात पू झाला असेल तर तो काही दिवसांत सांधा खाऊन टाकतो. पडल्यावर हात वाकडा दिसला, बोटं गार, पांढरी किंवा बधिर पडली, तर लगेच जायचं. हातावर पडून अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या खळग्यात दुखत असेल, तर पहिला एक्स-रे स्वच्छ आला तरी मनगट बांधून ठेवून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासून घ्यायचं, कारण तिथल्या छोट्या हाडाची चीर सुरुवातीला दिसत नाही. बोटाला खोल कापलं किंवा मांजर-कुत्रं चावलं आणि बोट सुजून वाकेना, तरी त्याच दिवशी. डावा हात किंवा खांदा दुखतोय आणि त्यासोबत छातीत दाब, घाम, धाप आहे, तर तो सांध्याचा विषयच नाही, १०८ला फोन करायचा. अचानक हातातली ताकद गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तरीही तेच.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार. सहाच्या एसटीने निघालो. बायकांना अर्धं तिकीट असल्याने ये-जा स्वस्त पडते. फाइलमध्ये क्रमाने लावून नेलं होतं: चिठ्ठी, सगळे रिपोर्ट, एक्स-रे, आत्तापर्यंतच्या औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, वही. वेदनाशामक गोळी मी आदल्या रात्रीपासून घेतली नव्हती, म्हणजे हात जसे आहेत तसे दिसावेत. (ठरवून चालू असलेलं स्टेरॉइड मात्र असं मनाने बंद करू नये.) फी १२००, वेळ साडेदहाची, नंबर आला पावणेएकला.

तपासणी चांगली अर्धा तास चालली. डॉक्टरांनी २८ सांधे एकेक करून दाबले. दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, बोटांच्या मुळांचे दहा, मधल्या पेरांचे दहा आणि दोन गुडघे. कुठे दुखतं आणि कुठे सूज आहे याची वेगळी वेगळी मोजणी केली. दुखणारे १४ निघाले, सुजलेले १०. पायही आडवे दाबून पाहिले, ते दुखतात हे मला तोवर कळलंच नव्हतं. प्रश्न अनपेक्षित होते, पण प्रत्येकामागे कारण होतं. डोक्यात किंवा कोपरांवर खवले सुटणारे चट्टे? (सोरायसिसचाही संधिवात असतो.) तोंडात वारंवार फोड, उन्हाने चेहऱ्यावर चट्टे, केस गळणं, गर्भपात? (ल्युपस या प्रतिकारशक्तीच्याच दुसऱ्या आजारासाठी.) डोळे-तोंड कोरडं पडतं? घरात कुणाला असा आजार? विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री? धूम्रपानाने हा आजार होण्याची शक्यता वाढते आणि औषधही नीट लागू पडत नाही. ही उत्तरं आधीच घरी आठवून ठेवली तर तिथे गडबड होत नाही.

तिथेच अँटी-सीसीपी (आमवाताचीच आणखी एक रक्तचाचणी), रक्तघटक, यकृत-मूत्रपिंडाच्या चाचण्या, कावीळ बी आणि सी आणि छातीचा एक्स-रे लिहून दिले. एकूण ५४०० रुपये, त्यातले १४०० एकट्या अँटी-सीसीपीचे. कावीळ आणि छाती तपासतात ती पुढे द्यायच्या औषधांसाठी, तेव्हा "हे कशाला?" म्हणून गाळू नका. मनगटाची सोनोग्राफीही सुचवता येते, पण माझी सूज हातालाच लागत असल्याने तिची गरज पडली नाही.

२९ ऑक्टोबरला, धनत्रयोदशीला, रिपोर्ट घेऊन परत गेले. आठ दिवसांच्या आत दुसरी फी नव्हती. अँटी-सीसीपीची मर्यादा २०, माझा आकडा १४८. आमवात. नाव मिळालं तेव्हा रडू आलं, आणि खरं सांगायचं तर त्यात भीतीइतकाच मोकळेपणाही होता. अकरा आठवडे लोकांना माझे हात समजावून सांगताना मी थकले होते.

औषध ठरलं मेथोट्रेक्सेट १० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच, शनिवारी रात्री जेवणानंतर. फॉलिक अॅसिड ५ मिलिग्रॅम, सोमवारी. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन २०० मिलिग्रॅम रोज. असर यायला सहा ते बारा आठवडे लागतात, म्हणून तोवर आधाराला थोडं स्टेरॉइड, दर दोन आठवड्यांनी कमी करत न्यायचं.

मेथोट्रेक्सेटबद्दल सविस्तर लिहिते, कारण यात चूक झाली तर जिवावर बेतते. हे औषध आठवड्याचं आहे. 'रोज एक' अशा सवयीने घेतलं गेलं तर रक्तपेशी घसरतात, तोंड सोलतं, माणूस दवाखान्यात भरती होतो. माझ्या दोन्ही गोळ्या, मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक, पिवळ्याच आहेत. म्हणून मेथोट्रेक्सेटची पट्टी वेगळ्या स्टीलच्या डबीत, झाकणावर 'फक्त शनिवार' अशी चिकटपट्टी, आणि कॅलेंडरवर प्रत्येक शनिवारी लाल गोल, गोळी घेतली की त्यावर फुली. दुकानात २.५, ५, ७.५, १०, १५ अशा सगळ्या ताकदीच्या गोळ्या असतात. दर वेळी पट्टीवरचा आकडा वाचून घ्या. एखादा शनिवार चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका, डॉक्टरांना विचारा. ताप आला, तोंडात फोड आले, धाप लागली, खोकला जाईना, तर पुढची गोळी घेण्याआधी फोन करायचा. कुठल्याही दवाखान्यात, अगदी दाताच्या डॉक्टरांकडेही, "मी मेथोट्रेक्सेट घेते" हे पहिलं वाक्य असू द्या, कारण को-ट्रायमॉक्साझोलसारखी अँटिबायोटिकं याच्यासोबत धोक्याची आहेत. मूल हवं असेल तर हे औषध गरोदरपणात चालत नाही, आधी बोलून बदलून घ्यावं लागतं. दारू वर्ज्य. माझ्या वाट्याला फक्त रविवारची मळमळ आली. शनिवारी रात्री पोटभर जेवून घेतली की ती बरीच कमी होते.

पहिली गोळी २ नोव्हेंबरला, पाडव्याच्या रात्री. दोन आठवड्यांनी रक्त तपासायचं होतं आणि इथे एक घोळ झाला. गोळी शनिवारी, आणि मी रक्त दिलं सोमवारी, १८ नोव्हेंबरला. यकृताचं एसजीपीटी आलं ७१, मर्यादा ४०. लॅबमधल्या मुलाने "यकृताला सूज आहे" म्हणून सांगितलं आणि घरी सगळे म्हणाले, औषध बंद कर. डॉक्टरांच्या सहायकांना रिपोर्ट पाठवला. उत्तर आलं, "गोळीनंतर एक-दोन दिवस हा आकडा वर असतो. शुक्रवारी पुन्हा द्या." शुक्रवारी ४६ आला. तेव्हापासून रक्त गुरुवारी किंवा शुक्रवारीच देते. रिपोर्ट वाचून मनाने औषध बंद करू नका, फोन करून विचारा.

२९ नोव्हेंबरला मेथोट्रेक्सेटची मात्रा १५ मिलिग्रॅम झाली. डिसेंबरच्या मध्यापर्यंत फारसा फरक नव्हता, तो काळ मला सगळ्यात अवघड गेला. औषधं घेतोय आणि हात तसेच आहेत, तर हे चुकलंय का, असं रोज वाटायचं. वहीतले आकडे तेवढे हळूहळू उतरत होते: १०५ मिनिटं, ९०, ७०, ५०. संक्रांतीच्या आदल्या दिवशी पाक गरम असताना लाडू वळायला बसले आणि वळले. पंधरा झाल्यावर थांबले, कारण दुखायच्या आत थांबायचं हे फिजिओथेरपिस्टनी सांगितलं होतं.

त्या ताईंकडे मी तीन वेळा गेले, दर वेळी ४०० रुपये. सकाळी कोमट पाण्यात दहा मिनिटं हात बुडवून पाण्यातच मूठ उघड-मीट करायची. ओला कपडा हातांनी पिळायचा नाही, नळाला गुंडाळून दोन्ही टोकं एकत्र धरून पीळ द्यायचा. पातेलं एका हाताच्या चिमटीने नाही, दोन्ही तळव्यांवर उचलायचं. पिशवी बोटांत न अडकवता कोपरात. झाकण उघडताना त्यावर जाड रबरबँड चढवायचा. सूज लाल-गरम असेल त्या दिवशी शेक नाही, गार पट्टी. तेल चोळायला हरकत नाही, पण सुजलेला सांधा दाबून मळायचा नाही.

त्यांच्याकडे येणारे सगळेच आमवाताचे नव्हते, आणि तिथल्या बाकावर बसून हातांच्या दुखण्यांची किती तऱ्हा असते ते कळलं. एका काकूंची टोकाची पेरं गाठाळली होती आणि बरणी उघडताना अंगठ्याच्या बुडाशी कळ यायची. ती झीज. त्यांना अंगठ्याचा पट्टा आणि व्यायाम पुरत होते. एक बाळंतीण होती, बाळाला काखेत धरून उचलताना अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखायचं, ते स्नायूबंधाच्या आवरणाची सूज. एका शिंपीदादांना रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या यायच्या, हात झटकला की बरं वाटायचं. मनगटात नस दाबली जात होती. असं रात्री जाग आणणारं बधिरपण, हातातून वस्तू निसटणं किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग खपाटीला जाणं दिसलं तर पट्ट्यावर महिने काढू नयेत, नसेची चाचणी करून घ्यावी. एका आजोबांचं बोट दुमडलं की 'टक्' होऊन अडकायचं. दोघांना मधुमेहासोबत खांदा आखडला होता. कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं घेऊन एक रंगारी यायचे. यातल्या बऱ्याच गोष्टी दोन-तीन आठवडे काम बदलून, पट्टा बांधून निवळतात. नाही निवळल्या तर दाखवायचं, आणि सूज असेल तर तेवढंही थांबायचं नाही.

निदान होईपर्यंतचा खर्च प्रवास सोडून साधारण साडेदहा हजार झाला. आता औषधं महिन्याला ६०० ते ७००, त्यातली काही जनऔषधी केंद्रातून आणते. रक्ततपासणी दर वेळी ५००च्या आसपास, सुरुवातीला महिन्यातून एकदा, आता तीन महिन्यांतून. माझ्या मेडिक्लेममध्ये ओपीडीचा खर्च बसत नाही. बिलं तरी क्रमाने ठेवली आहेत आणि नूतनीकरणाच्या वेळी आजार लपवलेला नाही.

२४ जानेवारी २०२५ला, औषधाच्या बाराव्या आठवड्यात, दुखणारे सांधे तीन आणि सुजलेला एक. सीआरपी ५. स्टेरॉइड फेब्रुवारीत पूर्ण बंद झालं. मार्चमध्ये डोळ्यांच्या पडद्याची तपासणी केली, ७०० रुपये. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षं घेतलं तर क्वचित पडद्यावर परिणाम होतो, म्हणून सुरुवातीचा पडदा कसा होता याची नोंद हवी. डोळ्यांत थेंब टाकल्यावर तीन-चार तास जवळचं धूसर दिसतं, उन्हात डोळे दिपतात, तेव्हा सोबत कुणीतरी न्या आणि त्या दिवशी गाडी चालवू नका. त्यानंतरची पुण्याची तारीख २५ एप्रिल २०२५ होती. त्याआधीचं रक्त १७ला द्यायचं होतं, गुरुवार होता.